लॅपटॉप राहू द्या, आधी पॉलिसीचं पहिलं पान वाचा

प्रश्न (थोडक्यात): मी ४३ वर्षांचा, मिरजेजवळच्या एका कारखान्यात सुपरवायझर आहे. हातात ४२ हजार येतात. पत्नी शिवणकाम करते, तिचे सात-आठ हजार. घरकर्जाचा हप्ता ११,५०० रुपये, अजून ९ लाख फेडायचे आहेत. महिनाअखेर सहा-सात हजार उरतात. मुलगी १६ वर्षांची, यंदा अकरावी विज्ञानला गेली, पुढे इंजिनिअरिंग करायचं म्हणते. तिच्यासाठी ४१ हजारांचा साधा लॅपटॉप घेऊ की ७८ हजारांचा गेमिंग? ती म्हणते साधा चालेल. भाचा म्हणतो, एकदाच काय तो चांगला घ्या. दुकानदार बारा महिन्यांचा नो-कॉस्ट ईएमआय देतोय, रोखीने घेतला तर ४ हजार कमी. बँकेत ५८ हजार आहेत, पण त्यातले ३६ हजार जूनमध्ये मुलीच्या पॉलिसीला जातील. पत्नीच्या ३० हजारांच्या भिशीचा नंबर ऑगस्टमध्ये आहे. पॉलिसी मुलगी सहा वर्षांची असताना साडूंनी काढून दिली. ती पंचवीस वर्षांची झाली की २० लाख मिळणार, त्यामुळे तिच्या शिक्षणाची काळजी नाही. मोफत लॅपटॉपच्या सरकारी योजनेचा फॉर्म व्हॉट्सॲपवर आला होता, तोही भरलाय. पॉलिसीच्या पहिल्या पानाचा फोटो जोडला आहे.

उत्तर: लॅपटॉपचं दोन ओळींत सांगतो, कारण तुमच्या पत्रातली ती सगळ्यात छोटी गोष्ट आहे. गेमिंग नको, ईएमआय तर नकोच. ऑगस्टपर्यंत थांबा आणि रोखीने घ्या. कुठला घ्यायचा ते शेवटी सांगतो.

आता "मुलीच्या शिक्षणाची काळजी नाही" या वाक्याकडे येऊ. तुमच्या पत्रातलं सगळ्यात महाग वाक्य हेच आहे.

मुलगी बारावी होईल अठराव्या वर्षी. इंजिनिअरिंगची चार वर्षं म्हणजे बाविसाव्या वर्षी ती पदवी घेऊन बाहेर पडेल. पॉलिसीचे पैसे येणार पंचविसाव्या वर्षी. म्हणजे फीची शेवटची पावती फाडून तीन वर्षं झाल्यावर शिक्षणाची सोय हातात पडणार! साडूंनी हा हिशेब दहा वर्षांपूर्वी केला नाही. तुम्हीही केला नाहीत.

दुसरं, २० लाख. हा आकडा फोटोतल्या पानावर कुठेच नाही. तिथे विमा रक्कम ६ लाख लिहिली आहे. २० लाख बहुधा साडूंनी कागदाच्या चिठोऱ्यावर लिहून दाखवले असतील. अशा पॉलिसीत विमा रकमेवर दरवर्षी दरहजारी बोनस मिळतो. हजारी ४० रुपये धरले तर वर्षाला २४ हजार, एकोणीस वर्षांचे साधारण साडेचार लाख. सहा अधिक साडेचार, साडेदहा लाख. शेवटी थोडा जास्तीचा बोनस मिळाला तर अकरा धरा. वर्षाला ३६ हजार असे चौदा हप्ते, म्हणजे पाच लाख भरून एकोणीस वर्षांनी साडेदहा लाख. परतावा वर्षाला साडेपाच ते सहा टक्के पडतो. पीपीएफमध्येसुद्धा एप्रिल २०२० पासून ७.१ टक्के मिळतायत. पॉलिसी काढली तेव्हा मुलगी सहा वर्षांची होती, दहाच्या आतल्या मुलीचं सुकन्या समृद्धी खातं पोस्टात उघडता आलं असतं. तिथे आज ८.२ टक्के आहेत. आता सुकन्याचं दार बंद झालं, म्हणून त्यावर जास्त बोलत नाही. पण २० लाख व्हायचे तर याच पैशाला वर्षाला अकरा टक्के मिळायला हवे होते. असा परतावा कुठलीही पारंपरिक पॉलिसी देत नाही.

तिसरी चूक मात्र मला सगळ्यात जास्त खटकली. पहिल्या पानावर "विमाधारक" या शब्दासमोर तुमच्या मुलीचं नाव आहे, तुमचं नाही. तुम्ही फक्त प्रस्तावक, म्हणजे अर्ज करणारे. घर चालतं ते तुमच्या पगारावर आणि विमा उतरवलाय सोळा वर्षांच्या मुलीचा, जिच्या उत्पन्नावर घरातलं कुणीही अवलंबून नाही. साडू म्हणाले असतील की तुम्हाला काही झालं तर पुढचे हप्ते माफ होतात. ती सोय असते, पण ती वेगळी जोडून घ्यावी लागते आणि तिचा वेगळा हप्ता पडतो. तुमच्या पानावर ती जागा कोरी आहे. उद्या तुमचं बरंवाईट झालं तर वहिनींच्या हातात काय राहील? महिन्याला सात-आठ हजारांचं शिवणकाम, ९ लाखांचं घरकर्ज आणि या पॉलिसीचे वर्षाला ३६ हजार भरायची जबाबदारी. पीएफ कापला जात असेल तर त्यासोबतच्या विम्यातून कुटुंबाला जास्तीत जास्त ७ लाख मिळतात, तेही नोकरीत असाल तोवरच. घरकर्जसुद्धा त्यात पूर्ण फिटत नाही.

म्हणून पहिलं काम टर्म विम्याचं, म्हणजे मुदतीत माणूस गेला तरच कुटुंबाला पैसे देणाऱ्या विम्याचं. ९ लाख कर्ज, मुलीच्या शिक्षणाला आठेक लाख, घरखर्च महिना पंचवीस हजार धरला तर दहा वर्षांचे तीस लाख. गोळाबेरीज पन्नास लाखांच्या आसपास जाते. तुमच्या वयाला, तंबाखू-सिगारेट नसेल तर, साठीपर्यंतच्या ५० लाखांच्या साध्या टर्म विम्याला वर्षाला साधारण दहा ते पंधरा हजार लागतील. २२ सप्टेंबर २०२५ पासून वैयक्तिक आयुर्विम्याच्या हप्त्यावर जीएसटी नाही, तेवढा भार हलका झालाय. तंबाखू खात असाल तर अर्जात तसं लिहा, हप्ता वाढला तरी चालेल. लपवलेला तंबाखू वहिनींना क्लेमच्या वेळी नडेल. आणि साडू "मुदत संपल्यावर पैसे परत मिळणारी टर्म" सुचवतील, तिला सरळ नाही म्हणा. हप्ता दुपटीच्या घरात जातो आणि परत मिळतात ते तुमचेच जास्तीचे भरलेले पैसे.

आता तुम्हाला वाटलं असेल की मी पॉलिसी मोडायला सांगणार. मीही कागद-पेन घेऊन बसलो तेव्हा तसंच वाटलं होतं, पण आकडे वेगळं सांगतात. तुमचे दहा हप्ते भरून झालेत, चार राहिलेत. आज पॉलिसी पेडअप केली, म्हणजे हप्ते थांबवून कमी रकमेवर तशीच चालू ठेवली, तर ६ लाखांचे चौदा भागांतले दहा भाग, म्हणजे सव्वाचार लाख, आणि आजवर जमलेला २ लाख ४० हजार बोनस मिळून पंचविसाव्या वर्षी पावणेसात लाखांच्या आत-बाहेर मिळतील. चारही हप्ते भरले तर साडेदहा. म्हणजे उरलेले १ लाख ४४ हजार भरून पावणेचार लाखांहून जास्त पदरात पडतात, बोनस आजच्यासारखाच राहिला तर. या चार हप्त्यांपुरता हिशेब केला तर वर्षाला तेरा-चौदा टक्के पडतात. कारण सोपं आहे. हप्ते विसाव्या वर्षाआधी संपतात, पण बोनस पूर्ण ६ लाखांवर पंचविसाव्या वर्षापर्यंत साठत राहतो. पेडअप केली की तो तिथेच थांबतो. अशा पॉलिसीत नुकसान सुरुवातीच्या वर्षांतच होतं आणि तुमचं ते होऊन गेलंय. कडू घोट गिळून झाल्यावर औषध टाकून देण्यात अर्थ नाही.

सरेंडर केली, म्हणजे मोडून पैसे आजच घेतले तर? माझा अंदाज साडेतीन लाखांच्या आसपास मिळतील असा आहे. ते पैसे आणि पुढचे चार हप्ते दुसरीकडे गुंतवून नऊ वर्षांत साडेदहा लाख करायचे तर सलग नऊ टक्क्यांच्या वर मिळायला हवेत. मुदत ठेवीत ते होणार नाही. म्युच्युअल फंडात होईलही, पण ज्या घरात आज तीन महिन्यांचा खर्चसुद्धा बाजूला नाही, त्या घराला मी हा सट्टा सांगणार नाही. शाखेत जाऊन सरेंडरचा आकडा लेखी घ्या. तो सव्वाचार लाखांच्या वर निघाला तर मला पुन्हा लिहा, मग गणित बदलतं. नाहीतर जूनचा हप्ता भरा. हप्ता वार्षिक आहे, म्हणजे तारखेनंतर ३० दिवसांची सवलत असते. जूनमध्ये ओढाताण झाली तर जुलैत भरा, दंड लागत नाही.

मग अठराव्या वर्षी फी कुठून आणायची? इथे तुम्ही न विचारलेली एक चांगली बातमी आहे. महाराष्ट्र सरकारने २०२४-२५ पासून आर्थिक दुर्बल, एसईबीसी (सामाजिक आणि शैक्षणिक मागास) आणि ओबीसी प्रवर्गातल्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण आणि परीक्षा फी पूर्ण माफ केली आहे. आईवडिलांचं उत्पन्न ८ लाखांच्या आत हवं आणि प्रवेश केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून हवा. व्यवस्थापन कोट्यातून घेतला तर माफी नाही, अभिमत विद्यापीठात घेतला तरी नाही. तुमचं दोघांचं मिळून उत्पन्न या मर्यादेत बसतं. प्रवर्ग बसत असेल तर तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला आणि प्रवर्गाची कागदपत्रं आत्तापासून तयार ठेवा. जून-जुलैत सेतू केंद्रापुढच्या रांगा तुम्ही पाहिल्याच असतील. उरलेल्या खर्चाला, म्हणजे वसतिगृह-खानावळीला, शैक्षणिक कर्ज घ्या. मुलींना बऱ्याच सरकारी बँका व्याजात अर्धा टक्का सूट देतात आणि अभ्यासक्रमाला लागणारा कॉम्प्युटरही त्या कर्जात बसतो. अगदीच अडलं तर याच पॉलिसीवर कर्ज मिळतं, ते वैयक्तिक कर्जापेक्षा स्वस्त पडतं.

व्हॉट्सॲपवरच्या मोफत लॅपटॉपबद्दल एवढंच सांगतो. असे मेसेज खोटे असल्याचं केंद्र सरकारच्या पीआयबी या माहिती कार्यालयाने कितीदा तरी जाहीर केलंय. फॉर्ममध्ये खाते क्रमांक किंवा ओटीपी दिला असेल तर हे वाचून झाल्यावर आधी बँकेत जा.

आता लॅपटॉप. दुकानदाराच्या "नो-कॉस्ट" मध्ये कॉस्ट कुठे लपते ते बघा. रोखीची ४ हजारांची सूट गेली. बँक आतल्या आत व्याज लावतेच, दुकानदार तेवढी रक्कम किमतीत कमी करून दाखवतो. पण त्या व्याजावरचा १८ टक्के जीएसटी तुमच्याच माथी येतो, तो हजार-अकराशे. वर प्रक्रिया शुल्क. सगळं मिळून पाच हजारांच्या पुढे. शून्य टक्के व्याज असं काही नसतं, हे रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना बजावलं होतं. आणि महिन्याला ६,५०० म्हणजे तुमच्याकडे उरणारी जवळजवळ सगळी रक्कम. वर्षभरात घरात एक आजारपण आलं की पुढची उधारी क्रेडिट कार्डावर, महिना साडेतीन टक्क्यांनी.

शिवाय भाच्याचं गणितच उलटं आहे. दोन वर्षांनी मुलगी कॉम्प्युटरला जाईल की सिव्हिलला, हे आज तिलाही माहीत नाही. गेमिंग लॅपटॉपचं वजन सव्वादोन-अडीच किलो, बॅटरी दोन-तीन तास, चार्जर विटेएवढा. त्याचं महागडं ग्राफिक्स कार्ड अकरावी-बारावीत गेम सोडून कशालाच लागत नाही. तिला लागणार काय? व्हिडिओ, पीडीएफ आणि सीईटी या प्रवेश परीक्षेचे सराव पेपर. एमएचटी-सीईटी कॉम्प्युटरवरच असते, म्हणून स्क्रीनवर सराव हवा हे खरं. त्यासाठी साधं मशीन पुरतं.

माझा कल कंपन्यांकडून परत आलेल्या, दुरुस्त करून विकल्या जाणाऱ्या ऑफिस लॅपटॉपकडे आहे. पंचवीस हजारांच्या आसपास आय-फाइव्ह, १६ जीबी रॅम आणि ५१२ जीबी एसएसडीचं दणकट मशीन मिळू शकतं, म्हणजे भिशीत भागतं. एक गोष्ट मात्र पक्की बघा. इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचा हवा, त्याआधीच्या बहुतेकांवर विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. विंडोज १० चा आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबवला, तेव्हापासून सहाव्या-सातव्या पिढीची मशीन "ऑफर"मध्ये पंधरा हजारांना गळ्यात मारली जातायत. जीएसटीचं बिल आणि निदान सहा महिन्यांची वॉरंटी घ्या. दुकानात चार्जर काढून अर्धा तास चालवून बघा, बॅटरी लगेच कळते. नवाच हवा असेल तर ४१ हजारांवाल्यात रॅम किती आणि रॅमचा रिकामा स्लॉट आहे का ते विचारा. ८ जीबी असेल आणि स्लॉट नसेल तर तो घेऊ नका. पण मग भिशीच्या वरच्या पैशांसाठी दिवाळीपर्यंत थांबावं लागेल.

या महिन्यात शाखेत जा. सरेंडर किती, पेडअप किती, आजवरचा बोनस किती आणि हप्तामाफीची सोय आहे की नाही, हे चारही शिक्का मारलेल्या कागदावर मागा. साडूंना सोबत नेऊ नका, काउंटरवरचा माणूस मग त्यांच्याशीच बोलत बसतो. तो कागद आणि टर्म विम्याचं एक कोटेशन मला पाठवा. लॅपटॉपचं पाठवू नका, तो मुलीला निवडू द्या. साधा चालेल असं तुमच्या घरात तीच म्हणाली होती.