लिस्बनला लग्न करून निघालेल्या बायसाठी

बाय, बॅगेत मसाला थोडा कमी भर, पण आमसुलं भरपूर ने. मिरच्या-धणे तिथेही मिळतात, मसाला घरी भाजता येतो. कोकम मात्र मला तिथल्या 12 वर्षांत कुठे धड मिळालं नाही. मूठभर तिरफळंही घे. तूप नको, बाहेरून दुधाचे पदार्थ युरोपात नेऊ देत नाहीत.

सासूबाई पहिल्याच आठवड्यात बाकाल्याव करतील, म्हणजे खारवून सुकवलेला कॉड मासा. वासाने तोंड वाकडं करू नकोस, वेंगुर्ल्याच्या बाजारातला खारा बांगडा आठव. कॉड दीड-दोन दिवस गार पाण्यात भिजतो, पाणी सारखं बदलावं लागतं. ते काम तू मागून घे. मी तिथे नवी होते तेव्हा मला भाषा येत नव्हती. ओट्यापाशी सासूने चिमटीने एक तंतू काढून माझ्या जिभेवर ठेवला, खारटपणा किती उरलाय ते बघायला. आई आमटीचं मीठ असंच चाखवायची. त्या क्षणी मला ते घर माझं वाटलं.

पाव, बटाटा, काजू हे आपले शब्द पोर्तुगीजांकडूनच आलेले, ते तिथे कानावर पडले की फार बरं वाटतं. जूनमध्ये गल्लोगल्ली सार्डिन जाड मीठ लावून निखाऱ्यावर भाजतात, आपल्या तारलीचीच भावकी. आधी त्यांच्या पद्धतीने खा, मग एखाद्या रविवारी तिरफळ घालून बांगड्याचं तिखलं कर.

जुलैत तिथे आभाळ कोरडं असतं. इथल्या पावसाच्या आठवणीने जीव कासावीस झाला, की आमसुलं भिजत घाल आणि आईला फोन लाव. सोलकढीला डब्यातलं नारळाचं दूध चालतं.