नेदरलँड्सला दोन-तीन वर्षांसाठी सहकुटुंब जाताना

व्हिसाची प्रक्रिया बहुधा कंपनीच पाहते, त्यामुळे आपण लक्ष द्यावे ते जन्म आणि विवाहाच्या दाखल्यांकडे. मुलाच्या जन्मदाखल्यावर त्याचे नाव आहे ना, की तो रकाना अजून कोराच आहे, आईचे नाव विवाहापूर्वीचे आहे की नंतरचे, आणि ते पासपोर्टशी जुळते का, हे आधी तपासावे. कारण दुरुस्तीसाठी पालिकेत हेलपाटे घालावे लागतात आणि राज्य शासनाचे प्रमाणीकरण व परराष्ट्र मंत्रालयाचे अपोस्टिल, म्हणजे दाखला परदेशात ग्राह्य धरला जावा यासाठीचे प्रमाणपत्र, त्यानंतरच मिळते. हे काम तिकडे बसून नातेवाइकांवर सोपवणे फार जिकिरीचे होते.

पोहोचल्यावर पाच दिवसांत तिथल्या पालिकेत नोंदणी करायची असते आणि चार महिन्यांच्या आत आरोग्य विमा घ्यावा लागतो. अठरा वर्षांखालील मुलांना हप्ता नसतो, मात्र मोठ्यांचे दात मूळ विम्यात सहसा येत नाहीत, म्हणून रूट कॅनॉल किंवा कॅप बाकी असेल तर इथूनच उरकून जावे.

शाळा पाचव्या वर्षापासून सक्तीची असली, तरी बहुतेक मुले चौथ्या वर्षीच जाऊ लागतात. मुक्काम तात्पुरता असल्याने आंतरराष्ट्रीय शाळेकडे मन ओढते; मूल लहान असेल तर मी डच शाळाच सुचवेन, मात्र नववी-दहावीच्या मुलाची इयत्ता मोडून नेण्याआधी परतल्यावर कोणत्या बोर्डात प्रवेश घ्यायचा, हे त्याच्याशी बोलून ठरवावे.

इथल्या बँकेतील बचत खाते एनआरओ, म्हणजे अनिवासी भारतीयांसाठीचे रुपयांतील खाते, करून घ्यावे आणि घरच्या व्यवहारांसाठी मुखत्यारपत्र नोंदवून ठेवावे. कुकर अवश्य न्यावा. डाळी-पिठे तिकडे मिळतात.