पैसा शेतात पिकायचा तेव्हा

प्रश्न : माझी मुलगी पाचवीत आहे. ‘सरकार भरपूर नोटा छापून सगळ्यांना का वाटत नाही?’ असं तिनं विचारलं. अमेरिकेतल्या पहिल्या इंग्रज वसाहतींच्या गोष्टी तिला फार आवडतात. त्यातून हे समजावता येईल का?

उत्तर : जरूर येईल. या प्रश्नाला व्हर्जिनियाइतकी चांगली गोष्ट मला तरी माहीत नाही. १६०७ साली तिथं जेम्सटाउन हे इंग्रजांचं गाव वसलं, पण नाण्यांचा कायमच तुटवडा. मग देणंघेणं तंबाखूत होऊ लागलं. १६१९ मध्ये वसाहतीच्या सभेनं तंबाखूच्या उत्तम पानाचा भाव पौंडाला (म्हणजे साधारण अर्ध्या किलोला) तीन शिलिंग ठरवला. झालं, जो तो तंबाखूच लावू लागला! १६३० च्या सुमारास पौंडभर तंबाखूला एक पेनीही मिळेना. बारा पेनींचा एक शिलिंग, एवढंच मुलीला सांगा. भाव किती कोसळला ते तिचं तिला काढू द्या. नोटांचं उत्तर तिला तिथंच सापडेल.

मी वर्गात कागदाची ‘पानं’ वाटते, काही नीट, काही फाटकी, आणि सांगते, ‘यातून कर भरा.’ कुणी न शिकवता मुलं फाटकी पानं पुढे करतात, चांगली मागे ठेवतात. व्हर्जिनियातही हेच चाले. शेवटी १७३० च्या कायद्यानं गोदामात तपासणी सुरू झाली. रद्दी पान जाळायचं, चांगल्याची पावती द्यायची. पुढे त्या पावत्याच पैशासारख्या हातोहात फिरू लागल्या. नोटेवर विश्वास कशाच्या जोरावर बसतो, हे इथं फार सुरेख कळतं.

प्लिमथ या दुसऱ्या इंग्रज वसाहतीची गोष्टही सांगा. तिथं आधी शेती सामायिक होती; १६२३ मध्ये घरटी जमीन नेमून दिल्यावर लोकांनी मका जास्त लावला. मात्र ‘सामायिक ते वाईट’ एवढ्यावर ती संपवू नका. त्यांच्या डोक्यावर लंडनच्या व्यापाऱ्यांचं देणंही होतं.

आणि एक गोष्ट अजिबात गाळू नका. मुलीला तंबाखूच्या एका पिंपाचा हिशेब मांडायला लावा : जमीन, मजुरी, जहाजाचं भाडं. जमीन तिथल्या मूळ रहिवासी पोव्हाटन लोकांची होती. आफ्रिकेतून पकडून आणलेली माणसं १६१९ मध्येच तिथं उतरवली गेली आणि पुढे या मळ्यांत मुख्यतः गुलामच राबले. मजुरीच्या रकान्यात काय लिहायचं, हे तिलाच ठरवू द्या. ती बराच वेळ घेईल, घेऊ द्या.