रविवारची गोळी

व्यायाम गोळीच्या आधी करावा की नंतर, हा प्रश्न उच्च रक्तदाबाचे रुग्ण मला सतत विचारतात. बँकेतून निवृत्त झालेल्या एका काकांनी मात्र तो विचारण्याआधीच स्वतःपुरते उत्तर ठरवून टाकले होते. (ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.) त्यांनी टेबलावर ठेवलेल्या स्ट्रिपवर प्रत्येक गोळीच्या मागे बॉलपेनने वार लिहिलेला होता आणि दोन्ही रविवारच्या गोळ्या तशाच शाबूत होत्या.

रविवारी काका पहाटे पर्वती चढत. एकदा वर पोहोचल्यावर डोळ्यांपुढे अंधारी आली, तेव्हापासून त्या दिवशीची गोळी बंद. "चालून बीपी उतरतेच, त्यात गोळीने आणखी उतरले तर मी पडेन ना, मॅडम?" त्यांची शंका अगदीच निराधार नव्हती, कारण व्यायामानंतर रक्तवाहिन्या काही तास सैल राहतात आणि रक्तदाब खरोखरच थोडा उतरतो. पण आदल्या रविवारी गोळी न घेताही त्यांना पुन्हा भोवळ आली होती आणि म्हणूनच ते माझ्याकडे आले होते.

त्यांच्या गोळीत टेल्मिसार्टन आणि क्लोरथॅलिडोन ही दोन औषधे होती. दोन्हींचा अंमल दीर्घकाळ टिकत असल्यामुळे शनिवारी सकाळी घेतलेली गोळी रविवारी पहाटेही काम करत असते. म्हणजे रविवारची गोळी टाळून त्या पहाटेच्या चढणीत काहीच फरक पडत नव्हता, उणीव भासायची ती सोमवारी.

मग भोवळ कशाने, हे शोधताना मी गोळीचा विषय बाजूला ठेवून त्यांना ती पहाट मिनिटामिनिटाने सांगायला लावली. वाटेत लघवीची पंचाईत नको म्हणून ते रात्रीच्या जेवणानंतर पाण्याचा घोटही घेत नसत, आणि क्लोरथॅलिडोन तर लघवीवाटे पाणी नि क्षार बाहेर टाकणारे औषध. पायऱ्या ते न थांबता चढत आणि वर पोहोचताच कठड्याला टेकून एकदम स्तब्ध उभे राहत. चढताना पोटऱ्यांचे स्नायू रक्त वर ढकलत असतात. ते अचानक थांबले की रक्त पायांत साचते आणि मेंदूला क्षणभर कमी पडते.

औषध बदलणे हे माझे काम नव्हे, म्हणून त्यांना डॉक्टरांकडे पाठवले. त्यांनी आधी झोपवून व मग उभे करून रक्तदाब मोजला, सोडियम-पोटॅशियम तपासले आणि गोळी तीच, पण रोज, असे सांगितले. गोळी रात्री घेऊ का, असेही काकांनी विचारले होते. ब्रिटनमधील 'टाइम' या अभ्यासात 21,104 रुग्ण होते. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार, सकाळी किंवा संध्याकाळी गोळी घेतल्याने हृदयविकाराचा झटका किंवा पक्षाघात यांच्या प्रमाणात फरक पडला नाही. त्यामुळे विसर पडणार नाही ती वेळ धरावी, असे माझे मत आहे.

काकूंची गोष्ट वेगळी. त्या मेटोप्रोलॉल हे हृदयाचे ठोके मंदावणारे औषध घेतात, त्यामुळे घड्याळातले नाडीचे ठोके फारसे वाढत नाहीत, आणि ते वाढावेत म्हणून त्या उगाच जोर लावत. चालताना वाक्य बोलता यावे, गाणे म्हणता येऊ नये, एवढाच वेग त्यांना पुरेसा आहे.

काका आता निघण्यापूर्वी पाणी पितात आणि वर पोहोचल्यावर पाच मिनिटे संथपणे फिरतात. रक्तदाब घरी परतल्यावर बूट न काढताच मोजायचे, तो आता अर्ध्या तासाने, पाठ टेकून बसून मोजतात. निर्जळी उपवासाच्या दिवशी पर्वती चढू नये, हे मात्र त्यांना अजून पटलेले नाही.