काळ्या केसांवर हायलाइट्स नारिंगीच येतात. ४० व्हॉल्यूम डेव्हलपर घेऊ का?

तुम्ही लिहिलंय की क्लायंटचे केस काळे होते, ब्लीच पावडर आणि २० व्हॉल्यूम डेव्हलपरने (डेव्हलपर म्हणजे ब्लीचमध्ये कालवायचं पेरॉक्साइड, व्हॉल्यूम म्हणजे त्याची ताकद) फॉइलमध्ये हायलाइट्स केले, वर ९ लेव्हलचा ॲश टोनर (उरलेली नारिंगी-पिवळी छटा मारणारा थंड छटेचा रंग) लावला, तरी पट्ट्या नारिंगीच राहिल्या. आता ४० व्हॉल्यूम घ्यायचा विचार आहे.

४० घेऊ नका. टोनरची कंपनी बदलूनही काही होणार नाही. केस हव्या त्या लेव्हलपर्यंत (लेव्हल म्हणजे केसांच्या उजळपणाचा आकडा, १ सर्वात काळा, १० सर्वात फिकट) उजळलेच नाहीत, खरी अडचण ती आहे.

आपल्याकडचे काळे केस बहुतेक वेळा लेव्हल १ ते ३ मध्ये बसतात. ब्लीच लागलं की आतला रंग ठरलेल्या क्रमानेच उघडा पडतो: ४ ला लाल, ५ ला लालसर नारिंगी, ६ ला नारिंगी, ७ ला पिवळसर नारिंगी, ८ ला पिवळा, ९ ला फिकट पिवळा आणि १० ला केळ्याच्या सालीच्या आतल्या बाजूसारखा. तुमच्या पट्ट्या ६ किंवा ७ वर थांबल्या आहेत. ९ चा टोनर इतका हलका असतो की खालचा नारिंगी त्याने झाकला जात नाही. शिवाय त्या लेव्हलच्या टोनरमध्ये बहुधा जांभळा बेस (मूळ छटा) असतो, तो पिवळा मारतो. नारिंगीवर निळाच लागतो.

आता ४० बद्दल. तो १२ टक्के पेरॉक्साइड, २० म्हणजे ६ टक्के. ४० ने सुरुवातीला रंग भराभर उडतो, पण केसाचं क्युटिकल (बाहेरचं आवरण) खराब होतं, फॉइलमध्ये उष्णता वाढते, मिश्रण फुगून मुळाकडे सरकतं आणि तिथे नारिंगी डाग पडतो. टाळूला भाजतं ते वेगळंच. काळ्या केसांना जोर नको, वेळ हवा. २० व्हॉल्यूम ओलं राहिलं, तर सावकाश का होईना, बराच वर नेतं.

ओलं राहणं इथेच बहुतेकांचं बिघडतं. सेक्शन जाड घेतला की बाहेरचे केस उजळतात आणि मधले तसेच राहतात. अर्ध्या सेंटीमीटरपेक्षा जाड सेक्शन घेऊ नका, टेल कोंबने (टोकदार दांड्याच्या कंगव्याने) बारीक वीव्ह काढा, म्हणजे सेक्शनमधून एकाआड एक बारीक बटा उचला. वजनकाट्यावर ३० ग्रॅम पावडरला ६० ग्रॅम डेव्हलपर मोजा (पाकिटावर वेगळं प्रमाण असेल तर तेच धरा). अंदाजाने ओतलं की प्रत्येक बाउल वेगळा वागतो. मुळापासून एक ते दीड सेंटीमीटर सोडून लावायला सुरुवात करा, कारण टाळूच्या उबेने तिथला भाग आधी उजळतो. वरून लावून झालं की पट्टी उलटून खालूनही लावा. ही एक गोष्ट घाईत हमखास सुटते. फॉइलच्या वरच्या कडेपर्यंत मिश्रण नेऊ नका, ते फुगतं तेव्हा गळायला जागा लागते.

मानेजवळून, मागच्या बाजूने सुरू करा आणि कपाळाजवळचे बारीक केस शेवटी घ्या, ते लवकर उजळतात. एकदम मोठा बाउल कालवू नका. अर्ध्या तासापूर्वीचं मिश्रण मंद पडलेलं असतं. दर ५ ते १० मिनिटांनी एक फॉइल उघडून थोडं मिश्रण पुसून रंग बघा. वाळलेलं दिसलं तर काम थांबलंय असं समजा आणि ताजं लावा. पाकिटावरची कमाल वेळ, बहुधा ४५ ते ५० मिनिटं, ओलांडायची नाही.

पण माझ्या मते निम्मं काम बाउल हातात घेण्याआधीचं असतं. गेल्या दोन-तीन वर्षांत केसांना काय काय लावलं ते विचारा. मेंदी लावत असतील तर नुसतं ‘मेंदी’ ऐकून सोडू नका, कुठली ते विचारा. शुद्ध मेंदीचा रंग केसातल्या केराटिन या प्रथिनाला चिकटतो आणि ब्लीचनंतरही नारिंगी मागे राहतो. काळी मेंदी म्हणून जे मिळतं त्यात रंगाची रसायनं किंवा धातूंचे क्षार असू शकतात. धातू आणि पेरॉक्साइड एकत्र आले की केस तापून तुटू शकतात. शंका असली तर काचेच्या वाटीत ३० मिली २० व्हॉल्यूम पेरॉक्साइड आणि २० थेंब अमोनिया घ्या, त्यात कापलेले १५-२० केस अर्धा तास ठेवा. वाटी गरम झाली, बुडबुडे किंवा विचित्र वास आला, रंग झटकन उडाला किंवा अजिबातच हलला नाही, तर त्या केसांवर ब्लीच नाही. रीबॉन्डिंग झालेल्या लांबीलाही मी ब्लीच लावत नाही. तिथले बंध आधीच एकदा तोडून जोडलेले असतात. बोअरचं किंवा टँकरचं पाणी असेल तर आदल्या धुण्याला चिलेटिंग शाम्पू (पाण्यातून केसांवर बसलेले क्षार आणि धातू काढणारा) वापरा.

काळ्यावरून एका बैठकीत ९ देतो असं कबूल करू नका. ७ पर्यंत कॅरॅमल, मध, मोका छान दिसतात आणि आपल्या त्वचेला शोभतातही. त्याहून वर हवं असेल तर मध्ये काही आठवडे सोडून दुसरी बैठक ठेवा.

आता सध्याच्या क्लायंटचं. एक ओला केस हलकेच ताणून बघा. लांबून परत जागेवर आला तर ठीक, लांबच राहिला किंवा तुटला तर आज पुन्हा ब्लीच नको. दोन्हीत आजचा उपाय एकच: पट्टी ज्या लेव्हलला थांबली त्याच लेव्हलचा, म्हणजे ६ किंवा ७ चा, निळ्या बेसचा ॲश डेमी टोनर (हळूहळू धुऊन जाणारा), १० व्हॉल्यूम किंवा त्याहून कमी डेव्हलपरबरोबर, टॉवेलने टिपलेल्या ओल्या केसांवर. पाचव्या मिनिटापासून बघत राहा, कारण सच्छिद्र टोकं ॲश पटकन ओढून मळकट दिसायला लागतात. टोकांना शेवटी लावा. नारिंगी मारताना रंग थोडा गडद होतो, हे खुर्चीत असतानाच सांगा. घरी आठवड्यातून एकदा निळा शाम्पू द्या, जांभळ्याचा इथे उपयोग होत नाही.