मॉरिशसचे सगळे समुद्रकिनारे सारखेच असतात का? जुलैमधल्या सहा दिवसांसाठी कुठले किनारे निवडावेत?

तुम्ही विचारले आहे की जुलैमध्ये सत्तरीतली आई आणि आठ वर्षांचा मुलगा यांना घेऊन मॉरिशसला सहा दिवस जायचे आहे, छायाचित्रांत तिथले सगळे किनारे एकसारखेच निळे-पांढरे दिसतात, तेव्हा एकाच हॉटेलात राहून भागेल का, आणि ते हॉटेल पूर्वेला घ्यावे की पश्चिमेला. मी नोकरीनिमित्त तीन वर्षे तिथल्या कात्र बॉर्न या गावी राहत होतो आणि जवळजवळ प्रत्येक रविवार कुठल्या ना कुठल्या पुळणीवर घालवला आहे. त्या अनुभवावरून सांगतो, की किनारे मुळीच सारखे नाहीत, आणि जुलैमध्ये मुक्काम पश्चिम किनाऱ्यावरच करावा. पूर्वेकडच्या हॉटेलांचे दर त्या महिन्यात मोह पाडतील इतके खाली आलेले दिसतात, पण त्याचे कारण बुकिंग करताना कोणी सांगत नाही. ते कारण म्हणजे वारा.

मॉरिशस दक्षिण गोलार्धात आहे, त्यामुळे आपला पावसाळा हा त्यांचा हिवाळा असतो. मे ते ऑक्टोबर या काळात आग्नेयेकडून व्यापारी वारे सतत वाहतात आणि ते थेट पूर्व व दक्षिण किनाऱ्यावर येऊन आदळतात. बेटाच्या मधोमध पठार आणि डोंगर असल्यामुळे ढग तिथेच अडतात, पाऊस तिथेच पडतो आणि पश्चिमेकडची बाजू आडोशाला राहून कोरडी व उबदार राहते. आमच्या पठारावरच्या कात्र बॉर्नला सकाळी स्वेटर घालून निघावे, गाडीने अर्ध्या तासात पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्लिक आँ फ्लाकला उतरावे आणि तिथे स्वेटर काढून ठेवावा, हे आम्ही किती वेळा केले याची गणती नाही. बेट लहान आहे, उत्तर-दक्षिण जेमतेम 65 आणि पूर्व-पश्चिम 45 किलोमीटर, पण एवढ्याशा अंतरात हवा किती बदलते हे तिथे राहिल्याशिवाय कळत नाही.

दुसरी गोष्ट प्रवाळभिंतीची. बहुतेक बेटाभोवती किनाऱ्यापासून काही अंतरावर प्रवाळाची भिंत आहे. लाटा तिच्यावर फुटतात आणि आतले पाणी तळ्यासारखे शांत व उथळ राहते. तुम्ही छायाचित्रांत पाहिलेला फिकट निळा रंग हा त्या आतल्या पाण्याचा. पांढरी वाळूही त्या भिंतीचीच देणगी आहे, कारण ती प्रवाळाच्या आणि शिंपल्यांच्या चुऱ्यापासून बनलेली असते. आपल्या कोकणी डोळ्यांना सर्वांत चकवणारी बाब मात्र निराळीच आहे. तिथे भरती-ओहोटी जवळजवळ जाणवत नाही. मुंबईला उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटरने वर-खाली होते, तर मॉरिशसला हा फरक अर्ध्या मीटरच्या आसपास असतो. माझे वडील आले होते तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी ‘ओहोटी कधी आहे?’ असे विचारले, सवयीने चपला पाण्यापासून पन्नास पावले मागे ठेवल्या, आणि संध्याकाळी निघताना पाणी होते तिथेच आहे हे पाहून त्यांना जरा फसवल्यासारखे वाटले. तुमच्या आईंच्या दृष्टीने मात्र ही सोय आहे, कारण सुरूच्या सावलीत खुर्ची टाकली की ती दिवसभर हलवावी लागत नाही.

म्हणून पहिले दोन दिवस फ्लिक आँ फ्लाकला द्या. लांबच लांब पुळण, मागे सुरूची दाट रांग, पोहण्याची जागा बोयांनी आखलेली आणि सूर्यास्त अगदी समोर. जुलैमध्ये दिवस लहान असतो, पावणेसहाच्या सुमारास सूर्य बुडतो, त्यामुळे दुपारच्या जेवणानंतर हॉटेलात फार वेळ लोळू नका. शक्य झाल्यास यांतला एक दिवस रविवार असू द्या. त्या दिवशी सगळे बेट किनाऱ्यावर लोटते. तीन-तीन पिढ्यांची कुटुंबे बिर्याणीची पातेली, चटया आणि रावान नावाची चामड्याची डफासारखी वाद्ये घेऊन सुरूखाली बसतात, आणि दुपार कलली की सेगाचे गाणे-नाचणे सुरू होते. 2014 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत गेलेला हाच तो सेगा. हॉटेलच्या जेवणघरात रंगीत झगे घालून जो दाखवतात तो पाहिला नाही तरी चालेल.

खाण्याची चिंता करू नका. किनाऱ्यावरच्या गाड्यांवर ढोल पुरी मिळते, म्हणजे डाळीचे बारीक पीठ आत भरून लाटलेली पातळ मऊ पोळी, जवळजवळ आपल्या पुरणपोळीची तिखट चुलत बहीण. ती नेहमी जोडीनेच देतात. विक्रेता दोन पोळ्या एकमेकींवर थोड्या सरकवून ठेवतो, वर वालासारख्या मोठ्या दाण्यांची उसळ, टोमॅटोचा रस्सा आणि हिरवी चटणी पसरतो, आणि कागदात गुंडाळून हातात देतो, आणि हे सगळे डोळ्याची पापणी लवेपर्यंत. शाकाहारी माणसाचे दोन जोड्यांत पोट भरते. गातो पिमाँ नावाचे डाळवडेही मिळतात. अननस सोलून, त्याला तिरप्या खाचा पाडून, वर मीठ-मिरची लावून देतात, तो मुलाला नक्की आवडेल.

तिथून दक्षिणेला थोड्याच अंतरावर तामारँचा किनारा आहे, आणि किनारे सारखेच असतात का या तुमच्या प्रश्नाचे उत्तर तिथे तळहातावर घेऊन पाहता येते. तिथे नदी समुद्राला मिळते. गोड्या पाण्यात आणि गाळात प्रवाळ वाढत नाही, म्हणून नदीच्या तोंडाशी भिंतीला खिंडार आहे, आणि त्या खिंडारातून खऱ्या लाटा आत येतात. फ्लिक आँ फ्लाकला जिथे गुडघाभर पाण्यात बसून राहता येते, तिथून काही किलोमीटरवर तरुण मुले फळ्या घेऊन लाटांवर स्वार होत असतात. वाळू मुठीत घेऊन पाहा. पांढऱ्या कणांत काळे-राखाडी कण मिसळलेले दिसतील. ते बेटाच्या ज्वालामुखी खडकाचे, म्हणजे आपल्या सह्याद्रीच्या काळ्या कातळाच्या जातीचेच आहेत आणि नदीने वरून आणलेले आहेत. मी दोन्हीकडची वाळू दोन बाटल्यांत भरून खिडकीत ठेवली होती. पाहुण्यांना ती एकाच बेटावरची आहे हे पटत नसे.

तामारँहून पहाटे डॉल्फिन दाखवायला होड्या निघतात. त्याबद्दल माझे मत चांगले नाही. आम्ही गेलो त्या दिवशी होडीवाल्याने डॉल्फिनांच्या कळपापुढे होडी आडवी घातली, आणखी सात-आठ होड्यांनी तेच केले, आणि लोक त्यांच्या अंगावर उड्या टाकू लागले. मुलाला डॉल्फिन दाखवायचेच असतील तर अंतर राखून उभा राहणारा होडीवाला आधी विचारून ठरवा.

याच पट्ट्यात कास्कावेल नावाचे गाव आहे, आणि मराठी माणसाने तिथे क्षणभर थांबावे असे मला वाटते. एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला रत्नागिरी, सातारा, कोल्हापूर या भागांतून गेलेल्या लोकांचे वंशज या बाजूला राहतात. घरात बहुतेक जण क्रिओल, म्हणजे तिथली फ्रेंचवरून घडलेली बोली, बोलतात, पण आडनावे, आरत्या आणि आपल्या जाखडीचे ‘झाकरी’ हे रूप त्यांनी जपले आहे. गणेशोत्सव तिथे 1896 पासून होतो, गणेशचतुर्थीला देशभर सुटी असते आणि मूर्ती डोक्यावर घेऊन लोक समुद्रावर येतात. तुम्ही जुलैत जात असल्यामुळे हे दृश्य चुकेल. शांत, लाट नसलेल्या पाण्यात कंबरेइतके उभे राहून केलेले ते विसर्जन मला गिरगावच्या गर्दीपेक्षा जवळचे वाटले, हे इथे कबूल करून टाकतो.

तिसरा दिवस नैर्ऋत्य टोकावरच्या ल मॉर्नसाठी ठेवा. 556 मीटर उंचीचा उभ्या कड्यांचा डोंगर आणि त्याच्या पायाशी पांढरी पुळण, असे ते ठिकाण आहे. मळ्यांतून पळालेले गुलाम या डोंगरावर लपून राहत, आणि म्हणूनच 2008 मध्ये तो जागतिक वारसास्थळ झाला. 1835 मध्ये गुलामगिरी संपल्याची बातमी सांगायला शिपाई वर येऊ लागले, तेव्हा पुन्हा पकडायला आले असे समजून लोकांनी कड्यावरून उड्या घेतल्या, अशी कथा तिथे सांगतात. डोंगराला वळसा घालून येणारा वारा या टोकाला फार जोरात वाहतो. पतंगाला बांधलेल्या फळीवर उभे राहून पाण्यावरून धावणारे लोक जगभरातून इथे येतात ते त्याच्यासाठीच. आईंना वाऱ्याचा त्रास होत असेल तर पश्चिमेकडे तोंड असलेल्या भागात बसवा. आणि जाहिरातींत दिसणारा तो ‘पाण्याखालचा धबधबा’ किनाऱ्यावर उभे राहून शोधू नका. उतारावरून घसरणारी वाळू आणि गाळ यांनी तयार केलेला तो भास आहे आणि तो फक्त हवेतून दिसतो.

चौथ्या दिवशी दक्षिणेला सुयाकजवळच्या ग्री ग्रीला जा. मला विचाराल तर सबंध बेटावरची ही सर्वांत चांगली जागा, आणि तिथे पाण्यात पाऊलही टाकायचे नाही. इथे प्रवाळभिंत तुटलेली आहे. अंटार्क्टिकापर्यंत मध्ये जमीन नसलेला समुद्र काळ्या कातळावर थेट येऊन धडकतो, आणि जुलैतल्या वाऱ्यात तर कड्यावरच्या हिरवळीवर उभे असतानाही तोंडावर खारा तुषार येतो. थोडे चालत गेले की ‘रडणारा खडक’ लागतो. लाट कपारीत घुसते, मागे सरते आणि मग बराच वेळ खडकाच्या चेहऱ्यावरून पाणी ओघळत राहते. हरिहरेश्वरच्या प्रदक्षिणेच्या वाटेवर उधाणाच्या वेळी गेला असाल तर त्या आवाजाची कल्पना येईल. खाली पुळण आहे आणि ती दिसायला निरुपद्रवी आहे, पण ओढ जबर आहे आणि पोहण्यास मनाई आहे, म्हणून मुलाचा हात सोडू नका. तीन दिवस तळ्यासारखे पाणी पाहिल्यावर, ती भिंत नसती तर हे बेट कसे दिसले असते, हे ग्री ग्रीला समजते.

उत्तरेबद्दल फार लिहीत नाही. ग्राँ बे म्हणजे दुकाने, उपाहारगृहे आणि वाहनांची गर्दी. त्रू ओ बिशचे पाणी लहान मुलांसाठी उत्तम आहे, आणि काप मालर येथे लाल छपराच्या चर्चपाशी उभे राहून समोरचे बेट पाहावे. पाचव्या दिवसाची सकाळ आणि दुपार त्यासाठी पुरते.

पूर्वेचा बेल मार हा सर्वांत देखणा किनारा आहे, यात वाद नाही. मैलोन् मैल पसरलेली, पिठासारखी वाळू. पण जुलैमध्ये तीच वाळू वाऱ्याने डब्यात येऊन बसते. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये जाणार असता तर मी मुक्काम तिथेच सुचवला असता. आता जायचे झाल्यास सकाळी लवकर जाऊन, वारा चढण्यापूर्वी चालून परत या. त्रू दो दूसहून होडीने इल ओ सेर या छोट्या बेटावर जाण्याचा आग्रह प्रत्येक सहलवाला धरेल. जागा सुंदर आहे, गर्दी मात्र त्याहून मोठी असते.

हॉटेलासमोरच्या किनाऱ्याविषयीही एक सांगायला हवे. कायद्याने भरतीच्या रेषेपर्यंतचा किनारा सर्वांचा आहे. खुर्च्या आणि छत्र्या हॉटेलच्या, वाळू नव्हे. एकदा एका हॉटेलच्या पहारेकऱ्याने आम्हाला चटई उचलायला सांगितली, तेव्हा शेजारी गळ टाकून बसलेल्या एका स्थानिक आजोबांनी त्याला क्रिओलमध्ये असे काही सुनावले की तोच निघून गेला. तुम्हीही नम्रपणे बसून राहा. रबरी तळाचे पाण्यात घालायचे बूट तिघांसाठीही इथूनच घेऊन जा. समुद्री अर्चिन या काटेरी गोळ्यासारख्या प्राण्याचा काटा माझ्या टाचेत मोडला होता आणि तो निघेपर्यंत मी आठवडाभर लंगडत होतो. प्रवाळाचा तुकडा आठवण म्हणून उचलू नका, तो आणणे गुन्हा आहे.

सहाव्या दिवसासाठी ब्लू बे राखून ठेवा, कारण विमानतळ तिथून अगदी जवळ आहे. 353 हेक्टरांचे हे संरक्षित सागरी उद्यान 2008 पासून रामसर स्थळांच्या, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या, यादीत आहे, आणि ज्यांना पोहता येत नाही त्यांना काचेच्या तळाच्या होडीतून प्रवाळ व मासे पाहता येतात. तुमच्या आईंसाठी सबंध सहलीत याहून सोयीचे काही नाही. 25 जुलै 2020 रोजी शेजारच्या प्वँत देस्नीजवळ वाकाशिओ हे जहाज भिंतीवर चढले आणि त्यातून सुमारे 1000 टन तेल सांडले, ते वाचून काहींना हा भाग टाळावासा वाटतो. तेल मुख्यतः उत्तरेला माहेबूर या गावाच्या दिशेने सरकले होते. गावकऱ्यांनी उसाचे पाचट कापडात भरून त्याचे लांब तरंगते बांध शिवले आणि तेल अडवायला ते हाताने समुद्रात सोडले होते. उद्यानातले प्रवाळ आजही पाहण्यासारखे आहे. होडी सकाळी नऊच्या आत घ्या, म्हणजे पाणी नितळ असते. ओल्या कपड्यांसाठी एक वेगळी पिशवी हाताशी ठेवली की दुपारी तिथूनच परस्पर विमानतळावर जाता येईल.