कौलं परतायचे दिवस

पत्र असं आहे :

"ताई, मी देवगडकडच्या एका हायस्कूलमध्ये ग्रंथपाल आहे. नोकरीला 31 वर्षं झाली, त्यातली पहिली 11 अर्धवेळ. ऑक्टोबरअखेर 58 पूर्ण होऊन निवृत्त होईन. नवे मुख्याध्यापक म्हणतात, ग्रंथालयाच्या खोलीत संगणक कक्ष करू, पुस्तकांची कपाटं व्हरांड्यात काढा आणि जुनी बाराशे पुस्तकं कमी करा. नवा क्लार्क पुस्तकांची दाखल नोंदवही संगणकावर चढवतोय. हापूसच्या लागवडीवरची पुस्तकं त्याने 'इतर'मध्ये टाकली, मी काही बोलले नाही. मुलं येतात ती पंख्याखाली बसायला. खालच्या फळीवरचं पुस्तक काढायला आता जमिनीवर बसावं लागतं आणि उठताना टेबल धरावं लागतं. मुलगा ठाण्याला बोलावतोय. इतकी वर्षं मी नक्की काय राखत बसले?"

बाई,

(शाळेतली मुलं तुम्हाला बाईच म्हणत असणार, मीही तेच म्हणते.)

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुख्याध्यापकांचा राग यायला हवा तेवढा मला आला नाही, हे आधीच सांगून टाकते. बाराशे पुस्तकं कमी करायला हवीत, हे त्यांचं म्हणणं बहुधा खरं आहे. आणि ते काम त्यांनी सांगायच्या आधी तुम्ही करायला हवं होतं.

रागावू नका. आत्ता आगोट, म्हणजे पावसाआधीची तयारी, चालू आहे. घरोघरी कौलं परतून झाली असतील. परतताना फुटकी कौलं आपण काढतोच, ती जपून ठेवली तर पाऊस घरात येतो. तुमच्या कपाटात प्लूटोला नववा ग्रह म्हणणारी पुस्तकं असणार. तो मान 2006 साली गेला, म्हणजे ती पुस्तकं इतकी वर्षं मुलांना चुकीचं शिकवतायत. बदललेल्या अभ्यासक्रमाची गाईडं असणार. बुरशी धरलेली असतील, ती तर शेजारच्या चांगल्या पुस्तकालाही घेऊन जातात. ही सगळी निर्लेखनाला, म्हणजे नोंदवहीतून कायमची कमी करायला, काढा. तुमच्या हाताने. यादी करा, समितीच्या सह्या घ्या, दाखल नोंदवहीत लाल शाईने नोंद करा. तुम्ही गेल्यावर कोणीतरी हेच काम एका दुपारी करेल, आणि त्याला गाईड आणि ठेवा यातला फरक कळणार नाही.

कारण ठेवाही तिथेच आहे. मुलांची जुनी हस्तलिखितं, शाळेची स्मरणिका, गावातल्या कोणी दिलेली दशावताराची टिपणं अशी कागदं प्रत्येक जुन्या शाळेत कुठल्या तरी कपाटाच्या तळाशी सापडतात. दुसरी प्रत जगात नसते. तुम्ही पत्रात मागच्या पानावर एक नकाशा सांगितलाय, ज्यात रत्नागिरी जिल्हा सलग आहे, सिंधुदुर्ग वेगळा नाही, आणि क्लार्क त्याला हसला. सिंधुदुर्ग 1 मे 1981 रोजी वेगळा झाला. भूगोलाच्या तासाला तो नकाशा चुकीचा आहे. पण हातातून सोडू नका.

आता व्हरांडा. इथे मात्र भांडा. एवढा धो धो पाऊस पडणाऱ्या किनाऱ्यावर उघड्या व्हरांड्यात कपाट ठेवणं म्हणजे पुस्तकांना झडीला बसवणं. एका पावसाळ्यात पानं एकमेकांना चिकटतील, उरलेलं कसर, ती कागद खाणारी कीड, बघेल. आपल्याकडच्या शाळांत पट घटतोय, वर्ग रिकामे पडतायत, हे तुम्हाला मी काय सांगणार. एखादी रिकामी खोली मागा. नाही मिळाली तर संगणक आणि कपाटं एकाच खोलीत नांदू द्या. "खोली माझी" असं म्हणून भांडलात तर हराल. बाराशे पुस्तकांच्या सह्या झालेली यादी पुढे ठेवून बोललात तर ऐकावं लागेल.

चिपळूणचं लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिर 1864 सालचं. 2005च्या पुरात पाणी शिरलं, 2021च्या जुलैत पुन्हा शिरलं. दोन्ही वेळा माणसांनी चिखलातून काय वाचतंय ते निवडलं आणि वाचनालय परत उघडलं. तुमच्यावर पूर आलेला नाही, निवडायला चार-पाच महिने हातात आहेत.

क्लार्कचं. तुम्ही गप्प बसलात हे मला अजिबात पटलं नाही. देवगडात हापूस 'इतर'मध्ये! पुस्तकांना विषयवार आकडे देणाऱ्या डेवीच्या वर्गीकरणात आंबा 634 खाली जातो, फळबागांत, हे त्या पोराला ठाऊक नसणारच. त्याला टायपिंग येतं, तुम्हाला पुस्तक येतं. त्याच्या शेजारी खुर्ची टाकून रोज अर्धा तास बसा. संगणकाला घाबरून तुम्ही लांब राहिलात तर पुढची वीस वर्षं पुस्तकं संगणकात असतील आणि सापडणार नाहीत.

गुडघ्यांसाठी साधा उपाय आहे. खालच्या फळीवर पाचवी-सहावीची चित्रांची पुस्तकं ठेवा. ती पोरं जमिनीवरच बसतात. देवघेव नववीच्या दोन-तीन मुलींच्या हाती द्या, 12 ऑगस्टचा मुहूर्त बरा आहे, आपल्याकडच्या ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांचा जन्मदिवस.

आणि हो, अर्धवेळच्या 11 वर्षांच्या नोंदी सेवापुस्तकात नीट आहेत का, ते जूनमध्येच बघा. ऑक्टोबरात धावपळ नको.

आता तो सहावीतला मुलगा. वाचत नाही म्हणून सगळ्यांनी सोडलेला, त्याला तुम्ही मार्चमध्ये माशांचं पुस्तक दिलंत आणि तो म्हणाला, "बाई, ह्यां पुस्तक माका आजून एक आठवडो होयां." हे तुम्ही ताजा कलम म्हणून लिहिलंत! रंगनाथनांचं 1931 सालचं सूत्र, प्रत्येक पुस्तकाला त्याचा वाचक, तुम्ही परीक्षेत लिहिलं असेलच. तो होडीवाल्याचा मुलगा आहे, हे ध्यानात ठेवून पुस्तक काढणं संगणकाच्या कुठल्याच रकान्यात बसत नाही. तुमची जागा भरली जाईल याची खात्री नाही, चार्ज बहुधा मराठीच्या एखाद्या शिक्षकाकडे जाईल. त्यांच्यासाठी दोनशे पानी वही घाला. कुठलं पुस्तक कसल्या मुलाला लागू पडतं, एवढंच लिहा. भाषण लिहू नका.

ठाण्याला एवढ्यात जाऊ नका. एक शिमगा, एक आगोट घरी काढा, मग ठरवा. निवृत्तीच्या दुसऱ्या महिन्यात शहरात गेलेल्या बायका नातवंडांच्या शाळेच्या गाडीपाशी उभ्या राहायला लागतात आणि तेच त्यांचं वेळापत्रक होतं. काहींना ते आवडतं. तुम्ही आवडेल म्हणून जाताय की लाजेने, हे आत्ता तुम्हालाच कळणार नाही.

तो नकाशा कपाटात ठेवू नका. काचेची फ्रेम करून भिंतीवर लावा. फक्त पश्चिमेच्या भिंतीवर नको, तिथे ओल उतरते.